लॉर्नासाठी हलकी फळी

लॉर्ना ते वाक्य मला उद्देशून म्हणालीच नव्हती. जेवताना ताटातल्या एन्चिलाडाकडे बघत, खांदा चोळत ती म्हणाली, "फळी जरा हलकी असती ना, तर काय मजा आली असती!" दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने "हं" म्हणून सॉसची बाटली पुढे सरकवली असती. पण मी सव्वीस वर्षं विमानाच्या कारखान्यात कार्बनच्या कापडापासून हलक्या आणि मजबूत वस्तू बनवतोय. माझ्यासमोर 'हलकी' म्हणणं म्हणजे डॉक्टरसमोर खोकण्यासारखं आहे. मी काटा खाली ठेवला आणि म्हणालो, "बघतो मी."

"काय बघतोस?" लॉर्नाने विचारलं. तिच्या आवाजात धास्ती होती हे मला नंतर जाणवलं.

फळी म्हणजे स्केटबोर्डची फळी. माझी बायको एकसष्ट वर्षांची आहे आणि दर रविवारी सकाळी चर्चच्या वेळेला गावच्या स्केटपार्कमधल्या सिमेंटच्या कोरड्या हौदात उतरते. तिच्याबरोबर आणखी चारपाच जणी असतात. सगळ्यांच्या गुडघ्यांत आणि मनगटांत मिळून इतकं धातूकाम झालंय की त्यांना विमानतळावर वेगळी रांग लावावी लागेल. मी काठावर खुर्ची टाकून थर्मास सांभाळतो. मला स्वतःला स्केटबोर्डवर उभं राहता येत नाही. एकदा राहिलो होतो, तो विषय आमच्या घरी निघत नाही.

विमानाच्या कारखान्यात काम करतो म्हटलं की लोकांना पंख, शेपूट असं काहीतरी वाटतं. मी शौचालयांची दारं करतो. जगभरात रोज लाखो माणसं माझ्या कामामागे स्वतःला कोंडून घेतात, आणि बाहेर येऊन 'वा, काय दार आहे!' असं आजवर एकही म्हणालेला नाही. घरची परिस्थिती फारशी वेगळी नाही. मी केलेलं पुस्तकांचं कपाट, पक्ष्यांचं घर, टॉवेल अडकवायचं ते यंत्र, सगळ्याला लॉर्ना "अरे वा, छानच!" म्हणते आणि आठवड्याभरात ती वस्तू गॅरेजमध्ये जाते. तिचा स्वभाव चांगला आहे म्हणून ती टाकून देत नाही, एवढंच. तेव्हा मनातली गोष्ट सांगूनच टाकतो. मला तिने माझ्या हातची एक वस्तू वापरायला हवी होती. खरोखर, मनापासून, आणि शक्यतो चार लोकांसमोर. तीन आठवड्यांनी स्केटपार्कमध्ये पंचावन्न उलटलेल्यांची स्पर्धा होती. यापेक्षा चांगला मुहूर्त कुठून आणणार?

बातमी शेजारी पोचायला दोन कचराकुंड्यांमधलं अंतर पुरलं. शेजारचा ऑरेलिओ झेपेडा हा निवृत्त कंत्राटदार. उभा जन्म त्याने या भागातल्या श्रीमंतांच्या अंगणात पोहण्याचे तलाव बांधले. त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर सिमेंटमध्ये असतं, असं त्याचं मत आहे.

"अरे वेंडेल, आत फोम घाल. माझा मेहुणा सर्फबोर्ड बनवतो, तो फोमच घालतो."

आमच्या भागात प्रत्येकाचा एक मेहुणा सर्फबोर्ड बनवतो. पोस्टमनच्या मेहुण्याचं म्हणणं बांबू घाला असं होतं. दातांच्या डॉक्टरांचा मेहुणा फायबरग्लासवाला निघाला, आणि हे मला तोंड उघडं असताना ऐकावं लागलं. मी सगळ्यांना सांगत होतो की नेहमीची फळी मेपल लाकडाच्या सात पातळ थरांची असते, मी मधे बाल्साचं पिसासारखं लाकूड ठेवणार, त्यावर कार्बनचं कापड, वर दगडासारखी घट्ट होणारी इपॉक्सीची राळ. वजन निम्मं, ताकद दुप्पट. ऐकणारा मान हलवायचा आणि म्हणायचा, "पण माझा मेहुणा..."

"आणि तुला सांगतो," एका संध्याकाळी कुंपणापाशी ऑरेलिओ लॉर्नाकडे वळून म्हणाला, "दुष्काळ पडला होता ना, तेव्हा सगळ्यांचे तलाव रिकामे. कार्टी स्केटबोर्ड घेऊन कुंपणावरून उड्या मारून आत, आणि मी पाइप घेऊन मागे. त्यात एक वेणीवाली होती बघ, शिव्या काय द्यायची!"

"मीच ती," लॉर्ना म्हणाली.

ऑरेलिओने तिच्याकडे नीट बघितलं. "म्हणजे खोल बाजूच्या माझ्या निळ्या फरश्या तू उचकटल्यास?"

"तू बसवल्याच कच्च्या होत्यास."

त्या दिवसापासून ऑरेलिओ या कामात कुटुंबातला माणूस म्हणून शिरला, आणि त्याला बाहेर काढणं मला शेवटपर्यंत जमलं नाही.

पहिला प्रयत्न धुराने संपला. इपॉक्सी थोडी थोडी कालवायची असते. जास्त कालवली की ती आपल्याच उष्णतेने तापायला लागते. हे मी कारखान्यात नव्या मुलांना भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवून शिकवतो. घरी मात्र उत्साहाच्या भरात मी सॅलडचं मोठं भांडं भरून कालवली. ती आधी कोमट झाली, मग भांडं वितळलं, मग गॅरेजभर पिवळट धूर. मी दार सताड उघडलं. आमच्या गॅरेजचं दार उघडलं की रस्त्यापलीकडे मिसेस ओहाशींचं दार उघडतं.

मिसेस ओहाशी आमच्या पेलिकन टेरेस सोसायटीच्या अध्यक्षा. बारीक चणीच्या, शांत बोलणाऱ्या, आणि नियमावली तोंडपाठ. त्या धुरातून चालत आल्या. खोकल्या नाहीत.

"मिस्टर हॉगन, आपलं दार उघडं आहे."

"हो ना. धूर बाहेर जायला हवा."

"धूर जाण्याबद्दल नियमांत काही म्हटलेलं नाही. गॅरेजचं दार फक्त गाडी आत येताना किंवा बाहेर जाताना उघडं ठेवता येतं."

"विशेष परवानगी?"

"बांधकाम समितीकडे अर्ज करावा लागेल. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे."

"समितीत कोण असतं?"

"मी आणि मिस्टर ओहाशी," त्या म्हणाल्या. "पण मिस्टर ओहाशी घरी या विषयावर बोलत नाहीत."

माझी अवस्था समजून घ्या. सोसायटी म्हणते दार बंद ठेवा. इपॉक्सीच्या डब्यावर लिहिलेलं असतं की बंद जागेत काम कराल तर डोकं गरगरेल. मी दोन्ही अधिकाऱ्यांचा मान राखणारा माणूस आहे. अशा वेळी ऑरेलिओ म्हणाला, "मग गाडी आतबाहेर जाऊ दे की!"

दुसऱ्या दिवसापासून ऑरेलिओ माझ्या गाडीत बसून बेसबॉलची मॅच ऐकत ती गॅरेजमध्ये अर्धी घालायचा आणि अर्धी बाहेर काढायचा. वेग गोगलगायीचा. मी पुढे टेबलावर कापड कापतोय, मागून गाडीचं तोंड हळूच आत येतंय, पुन्हा बाहेर जातंय. मिसेस ओहाशी समोरच्या फुटपाथवर हाताची घडी घालून उभ्या होत्या. गाडी खरंच येत होती आणि खरंच जात होती. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि घरात निघून गेल्या. मला वाटतं त्यांना थोडं कौतुकही वाटलं असावं.

आता साच्याचा प्रश्न होता. फळी सपाट नसते. दोन्ही टोकं वर वळलेली, मधे किंचित खोलगट. लॉर्नाच्या पायांना तिच्या जुन्या फळीचा बाक पाठ होता. म्हणून मी ठरवलं की त्याच फळीचा साचा करायचा: जुनीच्या पोटावर नवी घडवायची आणि सुकली की अलगद सुटी करायची. लॉर्नाने चाकं काढून फळी माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. फळीखाली तिने स्वतः रंगवलेला एक पेलिकन पक्षी होता, हौदाच्या काठांवर घासून घासून अर्धा पुसलेला.

"शुक्रवारपर्यंत परत," ती म्हणाली. "जशीच्या तशी. नवी जमली तर जमली, नाही तर शनिवारी स्पर्धेला मी हिच्यावरच जाणार. नव्या फळीची पायांना सवय व्हायला मला महिना लागतो, माहितीये ना?"

"अगं, माझा हा धंदा आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी का उच्चारतो कोण जाणे.

इपॉक्सी साच्याला चिकटू नये म्हणून साच्याला खास मेण फासतात. मेणाचा डबा मी आठवणीने आणून ठेवला होता. बुधवारी दुपारी मी कापड कापलं, बाल्सा घासला, इपॉक्सी कालवली, या वेळी बेताने, आणि मेणाकडे वळलो. त्याच क्षणी मॅचमध्ये कुणीतरी होमरन मारली, ऑरेलिओने आनंदाने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला, आणि खाली ठेवलेल्या डब्यावरून गाडीचं चाक गेलं. डब्याची भाकरी झाली. मेण सगळं टायरला लागलं.

"दुकान?" ऑरेलिओने खिडकीतून विचारलं.

"जाऊन यायला तास लागेल. ही तापायला लागलीये!" माझ्या हातातलं भांडं कोमट झालं होतं. पुन्हा धूर म्हणजे पुन्हा मिसेस ओहाशी.

"मग तेल मार. मी चाळीस वर्षं तलावांच्या काठाचे साचे तेल लावून ओतले. एक चिकटला असेल तर मिशी काढीन."

आता सिमेंट वेगळं आणि इपॉक्सी वेगळी, हे मला माहीत होतं. मी या विषयावर कारखान्यात भाषण दिलंय, पडद्यावर चित्रं दाखवून. पण भांडं गरम होत होतं, आणि ऑरेलिओने गाडीतून उतरून स्वयंपाकघरातून तव्यावर मारायच्या तेलाचा फवारा आणूनही ठेवला. मी पेलिकनवर तेल मारलं. मग कार्बन, बाल्सा, पुन्हा कार्बन. लोकरीच्या रजया ठेवायच्या ज्या पिशव्या असतात, हवा ओढली की चपट्या होणाऱ्या, त्यातली एक रिकामी करून त्यात सगळं सारलं आणि व्हॅक्यूम क्लीनर लावला. बाहेर काढलेल्या रजया झोपायच्या खोलीत फुगत गेल्या आणि त्या रात्री आम्हाला पलंग सापडला नाही. पण फळी सुरेख दिसत होती. काळी, गुळगुळीत, पिशवीत घट्ट आवळलेली.

गुरुवारी ती सुटेना.

मी सुरी घालून पाहिली, पाचर मारून पाहिली, गयावया करून पाहिली. इपॉक्सी जुन्या लाकडाच्या प्रत्येक ओरखड्यात शिरून बसली होती, कडांवरूनही ओघळली होती. तिला नवऱ्याच्या भावनांशी देणंघेणं नव्हतं. दोन फळ्यांची एक झाली होती. मी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर आधी एकटा उभा राहिलो, मग ती घेऊन. दोन्ही आकड्यांनी मला वाईट वाटलं. जी निम्मी व्हायला हवी होती ती जवळपास दीडपट झाली होती.

"मिशी," मी ऑरेलिओला म्हणालो.

"मी सिमेंटबद्दल बोललो होतो," तो म्हणाला. "गोठव तिला. गार झाली की दोन्ही वेगवेगळ्या आकसतील आणि कडकन सुटतील. माझ्याकडे मोठा फ्रीझर आहे."

हे मात्र शास्त्राला धरून होतं, म्हणून मी मानलं. फळी फ्रीझरमध्ये आडवी बसेना, उभी बसेना. तिरकी घातली तर टोक बाहेर. आम्ही झाकण तिच्यावर टेकवून, वर टॉवेल घालून निघून गेलो. शुक्रवारी सकाळी फळी जशीच्या तशी एकजीव होती, आणि ऑरेलिओच्या बायकोने, तिच्या बहिणींनी आणि आईने मिळून नाताळात करून वर्षभरासाठी साठवलेले सगळे तमाले, म्हणजे मक्याच्या पानांत गुंडाळलेले सारणाचे उंडे, वितळले होते.

वितळलेले तमाले पुन्हा गोठवत नाहीत. ते खायचे असतात. शुक्रवारी संध्याकाळी ऑरेलिओच्या अंगणात अख्खी सोसायटी जमली. टोपलीतून वाफाळते तमाले येत होते, मक्याच्या पानांचा ढीग वाढत होता. मे महिन्यात नाताळची गाणी कुणीतरी लावली. मिसेस ओहाशी पेपर नॅपकिन मांडीवर पसरून बसल्या होत्या आणि चौथा तमाला सोलत होत्या. इतकी छान संध्याकाळ होती की मला पळून जावंसं वाटत होतं.

"वेंडेल," लॉर्ना म्हणाली, "शुक्रवार आहे. माझी फळी?"

अंगणातल्या सगळ्या माना तमाल्यांकडे वळल्या. सगळ्यांना माहीत होतं. ऑरेलिओ टोपलीमागे वाकला.

मी आत जाऊन ती वस्तू आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. काय झालं ते सांगितलं. मेण, होमरन, तेल, सगळं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फळी उलटी केली, काळ्या पोटावर बोटाने टकटक केलं आणि विचारलं, "पेलिकन आत आहे?"

"आत आहे."

"बरा आहे?"

"तो आता कधीच पुसणार नाही," मी म्हणालो. "लॉर्ना, मला माफ कर. मी उद्या दुकान उघडताच तुला नवी आणून देतो."

"उद्या सकाळी नव्या फळीवर मी पहिल्याच उतारावर तोंडावर पडेन. हिचा वरचा बाक तरी माझा आहे." ती उठली. "चाकं लाव. एवढ्या जाडीला बोल्ट पुरतील का?"

पुरले नाहीत. लांब बोल्ट मिसेस ओहाशींनी दिले. त्यांच्या गॅरेजमध्ये मापानुसार सगळं लावून ठेवलेलं आहे, असं त्या दिवशी कळलं. मजबुतीची परीक्षा म्हणून सकाळी फळी दोन विटांवर ठेवून मी वरून गाडी नेली. वीट फुटली. ती सोसायटीच्या फुलांच्या वाफ्यातली होती. मिसेस ओहाशींनी तिचे तुकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मी आज सुट्टीवर आहे. मी स्पर्धेला चालले आहे."

स्केटपार्कला कडक ऊन होतं. हौदाच्या काठाभोवती पंचावन्न उलटलेली मंडळी हेल्मेट आणि गुडघ्यांच्या पट्ट्या घालून बसली होती, कुणी गोळ्या घेत होतं, कुणी मलम चोळत होतं. लॉर्नाची फळी हातात घेऊन प्रत्येक जण "आई गं!" म्हणत होता आणि पुढच्याकडे देत होता. ऑरेलिओ सगळ्यांना सांगत होता की यात त्याचाही हात आहे. मी त्याला अडवलं नाही. दोष वाटून घ्यायला माणूस मिळाला तर नको कशाला म्हणा?

प्रत्येकाला दोन फेऱ्या. लॉर्नाचं नाव पुकारलं. ती काठावर उभी राहिली, एक पाय फळीवर, आणि उतरली. मी डोळे मिटले. चाकांचा आवाज आला, खोल, दमदार, नेहमीपेक्षा जाड. डोळे उघडले तेव्हा ती समोरच्या भिंतीवर चढत होती आणि चढतच होती. हलकी फळी जिथे दम सोडते तिथे ही जड बया सोडत नव्हती. काठावर पोचल्यावर तिने फळी काठाच्या दगडावरून घासत नेली, करर्र करत, फरश्यांच्या वरून, खोल बाजू अख्खी पार करून. गेली कित्येक वर्षं ती तिथे मधेच गळपटायची. मी खुर्चीवरून उठून वेड्यासारख्या टाळ्या वाजवायला लागलो.

आजूबाजूला कुणीच टाळ्या वाजवत नव्हतं. ते सगळे आपापल्या स्केटबोर्डची शेपटी सिमेंटवर आपटत होते, ठक ठक ठक ठक. इथली दाद तशीच असते. शेजारचा पांढऱ्या दाढीचा गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाला, "हाताने टाळ्या फक्त पालक वाजवतात." मी हात खिशात घातले.

लॉर्ना घामाने निथळत वर आली. मी काही विचारायच्या आतच स्केटबोर्डच्या दुकानाच्या तंबूतला तरुण मालक धावत आला. त्याच्या हातात एक फळी होती, चाकांसकट. कार्बनची. अगदी मी कागदावर काढली होती तशी: काळी, सडपातळ, बाल्साच्या पोटाची. "मॅडम, दुसरी फेरी हिच्यावर करा. हिचं वजन बघा फक्त! आवडली तर ठेवा, आमच्याकडून."

लॉर्नाने ती एका हाताने उचलली. तिचा चेहरा खुलला, ते मी पाहिलं. तिने ती खाली ठेवून वर पाय ठेवला, दोनदा लवून पाहिलं. सुंदर होती हो. माझ्या डोक्यात होती ती हीच. मी थर्मासचं झाकण घट्ट करायला घेतलं. ते आधीच घट्ट होतं.

"घे ना," मी म्हणालो. "चांगली आहे. कडा नीट केल्यात. काम ओळखू येतं."

"हलकी आहे," लॉर्ना म्हणाली.

"तुला हलकीच हवी होती."

"हो. जेवताना." तिने ती नवी फळी उचलली आणि माझ्या हातात दिली. "ही तू धर."

"मी काय करू हिचं?"

"वाजव," ती म्हणाली. हेल्मेटचा पट्टा तिने हनुवटीखाली आवळला, माझी दीडपट वजनाची फळी दोन्ही हातांनी काखेत मारली आणि हौदाच्या काठाकडे निघाली. मी खाली वाकून बसलो, आणि ती उतरायच्या आधीच आपटायला सुरुवात केली.